जर्मनीचा व्हिसा नाकारला गेल्यानंतरचा पहिला महिना

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अजूनही हा सल्ला फिरतो: "रिजेक्ट झालं? टेन्शन घेऊ नकोस, रिमॉन्स्ट्रेशन टाक, फुकट असतं." जून 2025 पर्यंत हा सल्ला बरोबर होता. 1 जुलै 2025 पासून जर्मन परराष्ट्र खात्याने जगभरातल्या आपल्या वकिलातींमधून रिमॉन्स्ट्रेशन, म्हणजे त्याच वकिलातीकडे फेरविचाराचा अर्ज करायची सोय, बंद केली. ही सोय कायद्यात कधी नव्हतीच. खात्याने आपणहून दिलेली ती सवलत होती, त्यामुळे एका निर्णयासरशी गेली. आज कोणी असं फेरविचाराचं पत्र पाठवलं तर त्यावर निर्णय मिळत नाही आणि त्याची वाट बघण्यात कोर्टात जायची खरी मुदत, जी फक्त एक महिन्याची आहे, निघून जाते.

इथे विषय फक्त लांब मुदतीच्या व्हिसाचा आहे. 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर लागणारा राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा: शिक्षण, नोकरी, ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा नोकरीचा परवाना), ऑपॉर्च्युनिटी कार्ड (तिथे जाऊन नोकरी शोधण्यासाठीचा), नवरा किंवा बायकोकडे जाणं. पर्यटनाच्या शेंगेन व्हिसाचे नियम आणि नकाराचे छापील फॉर्म वेगळे असतात, त्यांची सरमिसळ करू नका.

आता दोनच रस्ते उरले आहेत. एक, नवा अर्ज. तो कधीही करता येतो, नकारामुळे कसलीही बंदी लागत नाही, फी पुन्हा 75 युरो. दोन, बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. यातलं काय निवडायचं हे रागावर किंवा कन्सल्टंटच्या उत्साहावर ठरवू नये. ते नकारपत्रातल्या कारणावर ठरतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच पत्र नीट वाचत नाहीत.

पत्रात नेमकं कोण "नाही" म्हणतंय?

नकारपत्र जर्मनमध्ये असतं आणि बऱ्याचदा पान-दीड पानाचंच. त्यात कायद्याची कलमं, दोन-चार वाक्यांचं कारण आणि शेवटी दाद कुठे, किती दिवसांत मागायची याची सूचना. पूर्ण पत्राचं भाषांतर करून घ्या. "फायनान्सचं काहीतरी आहे म्हणे" एवढ्यावर पुढचा अर्ज उभारला की तो त्याच खड्ड्यात पडतो.

पत्रावर सही वकिलातीची असली तरी नकार दर वेळी वकिलातीचा नसतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जातात, पण डी व्हिसाच्या बऱ्याच प्रकारांत जर्मनीतल्या एखाद्या कार्यालयाची संमती लागते. नवरा-बायकोच्या व्हिसात त्या शहराचं परदेशी नागरिक कार्यालय, ज्याला तिथे आउसलेंडरबेहोर्डे म्हणतात, घराचं क्षेत्रफळ, पगार, विमा तपासून संमती देतं किंवा नाकारतं. नोकरीच्या व्हिसात बऱ्याचदा तिथल्या केंद्रीय रोजगार संस्थेची संमती लागते. या दोघांपैकी कोणी "नाही" म्हटलं असेल तर मुंबईला कितीही ईमेल करा, उपयोग शून्य. अशा वेळी जर्मनीत असलेल्या माणसाने, म्हणजे नवऱ्याने, बायकोने किंवा कंपनीच्या एचआरने, त्या कार्यालयाशी बोलायचं असतं. निम्मी गुंतागुंत इथेच सुटते, कारण तिथला कर्मचारी सहसा थेट सांगतो की अमुक कागद अपुरा होता.

दुसरी गोष्ट कारणाची जात. माझ्या हिशेबी ती तीनच असतात. कागद नव्हता किंवा चुकीचा होता. अट पूर्ण होत नव्हती. किंवा कागद सगळे होते, अटही पूर्ण होती, पण तुमच्या सांगण्यावर विश्वास बसला नाही. पहिल्या दोन्हींत कोर्टात जाणं म्हणजे वेळ वाया घालवणं, दुरुस्त करून नवा अर्ज टाकावा. तिसरी जात अवघड, आणि कोर्टाचा विचार करायचा तर मुख्यतः तिथेच.

पैशाचं कारण

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे सगळ्यात सोपं कारण आहे आणि तरी पुन्हा पुन्हा येतं. 1 सप्टेंबर 2024 पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे जिथून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिना 992 युरो लागतात. त्याआधी हा आकडा 11,208 होता. जुन्या यूट्यूब व्हिडिओवरून रक्कम भरणारे 696 युरोंनी कमी पडतात. रक्कम पुढेही बदलू शकते, म्हणून भरायच्या आठवड्यात कॉन्सुलेटच्या साइटवरचा आकडा बघा, भावाने दोन वर्षांपूर्वी भरलेला नाही.

दुसरी चूक बँकेच्या काउंटरवर होते. परदेशी पैसे पाठवताना मधल्या बँकांचे चार्जेस कोण भरणार हे फॉर्ममध्ये निवडायचं असतं. "शेअर्ड" निवडलं की वाटेत 15-20 युरो कापले जातात, खात्यात 11,904 ऐवजी 11,886 पोचतात आणि पूर्ण रकमेची पावती निघत नाही. सगळे चार्जेस पाठवणाऱ्याकडे घ्या आणि वर 50-100 युरो जास्त पाठवा. ब्लॉक्ड अकाउंट काढून देणाऱ्या संस्थेची सेटअप फी वेगळी असते, तीही त्याच रकमेतून वळती होत नाही ना हे बघून घ्या.

एज्युकेशन लोनचं सँक्शन लेटर हा पैशाचा पुरावा आहे असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. बँकेने "देऊ" म्हटलेलं कर्ज आणि तुमच्या नावावर जर्मनीत अडकवून ठेवलेली रक्कम यांत जर्मन अधिकारी फरक करतात. लोन असेल तर त्यातून ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम आधी उचलून भरायची. बँक "व्हिसा आल्यावरच डिसबर्स करू" म्हणत असेल तर हा प्रश्न लोन घेतानाच सोडवा. वडिलांची एफडी, शेतीचा सातबारा, फ्लॅटचं व्हॅल्युएशन, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट यांनी फाइल जाड होते, अट पूर्ण होत नाही. जर्मनीत राहणारे काका-मामा खर्च उचलणार असतील तर त्यांच्या साध्या पत्रालाही किंमत नाही. त्यांनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र, फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग, करावं लागतं, ज्यात त्यांचा पगार तपासला जातो.

ऑपॉर्च्युनिटी कार्डसाठी आकडा वेगळा आहे. 2025 मध्ये तो महिना 1,091 युरो होता. विद्यार्थ्यांचा 992 चा आकडा बघून भरलं की वर्षाला हजारभर युरो कमी पडतात.

पदवी आणि नावं

नोकरीच्या व्हिसात बहुधा पदवी जर्मन पदवीच्या तोडीची आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात: विद्यापीठाला एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असा दर्जा आहे का, आणि तुमची नेमकी पदवी समकक्ष म्हणून नोंदलेली आहे का. लोक पहिलीचा प्रिंट लावतात, दुसरी विसरतात. यांतली एक जरी नसेल तर जर्मनीतल्या झेडएबी या संस्थेकडून पदवीचं मूल्यांकन घ्यावं लागतं, फी 208 युरो.

महाराष्ट्रातल्या लोकांची इथली ठरलेली अडचण म्हणजे अनाबिनमध्ये कॉलेजचं नाव शोधणं. संलग्न कॉलेज तिथे सापडत नाही, पदवी देणारं विद्यापीठ सापडतं. आणि विद्यापीठांची नावं बदललेली आहेत. पुणे विद्यापीठ 2014 पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 1994 चा. पदवीवर जुनं नाव आणि अनाबिनच्या प्रिंटवर नवं असेल तर एका ओळीचा खुलासा आणि नामांतराचा पुरावा सोबत लावा. तपासणाऱ्या जर्मन बाईंनी नामांतराचा इतिहास माहीत करून घ्यावा अशी अपेक्षा ठेवू नका.

आपली नावं हा आणखी एक घोळ. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि वेगळ्या रकान्यात आईचं. पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव "गिव्हन नेम"मध्ये घुसलेलं, कधी गायब. लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, क्वचित पहिलंही. जर्मन पद्धतीत मधलं नाव नावाचा प्रकारच नाही, त्यामुळे "स्नेहल दिलीप जाधव" आणि "स्नेहल अमित पाटील" या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या बाया आहेत. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं गॅझेट आणि कुठल्या कागदावर कोणतं नाव आहे याची अर्ध्या पानाची यादी द्या. प्रतिज्ञापत्र एकट्याने पुरत नाही.

विद्यार्थ्यांसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचा दाखला, हा स्वतंत्र दरवाजा आहे. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे, फी 18,000 रुपये, काम दिल्लीहून चालतं. बीईचा निकाल उशिरा लागला, एपीएस उशिरा मागितलं, म्हणून ते नसतानाच अर्ज टाकला, अशी उदाहरणं दर हंगामात असतात. असा अर्ज अपुराच धरला जातो.

अपोस्टिलचा खर्च वाचवा

अपोस्टिल म्हणजे आपला दाखला परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारने लावलेला शिक्का. हे वेगळं लिहितोय कारण यावर उगाच पैसे जातात. भारत हेग अपोस्टिल करारात 2005 पासून आहे, जर्मनीही आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत घेतलेली आहे. म्हणजे या दोन देशांमध्ये अपोस्टिल लागू होत नाही. मुंबईत एजंट दाखल्यामागे हजारो रुपये घेऊन परराष्ट्र मंत्रालयाचा तो चौकोनी स्टिकर लावून देतात. जर्मनीत त्याचा उपयोग नाही. जर्मन कार्यालयाला दाखल्याबद्दल शंका असेल तर ते वकिलातीमार्फत त्याची प्रत्यक्ष पडताळणी करवतं: माणूस ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत जाऊन मूळ नोंदवही बघतो. या पडताळणीचा खर्च तुम्हाला भरावा लागतो आणि महिने जातात.

पडताळणीत अडकणारा नेहमीचा कागद म्हणजे उशिरा नोंदवलेला जन्म. खेड्यात बाळंतपण घरी झालं, नोंद पासपोर्टच्या वेळी म्हणजे वीस वर्षांनी दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरून झाली. दाखला खरा असतो, पण नोंदीची तारीख बघून अधिकारी थबकतो. अशा दाखल्यासोबत दहावीचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं जुनं कार्ड, जे त्या काळातलं मिळेल ते जोडा. गोव्यातल्यांना लग्नाच्या नोंदीचं वेगळं प्रकरण: तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन टप्प्यांत काम होतं आणि पहिल्या सहीची पावती म्हणजे लग्नाचा दाखला नव्हे. काही जण तीच लावतात.

नोकरीच्या व्हिसातला नकार

इथे चूक बहुधा कंपनीच्या कागदात असते. नियोक्त्याने भरायचा एक ठरलेला फॉर्म असतो, त्यात पगार, आठवड्याचे तास, रजा, कामाचं वर्णन. रोजगार संस्था तो बघून ठरवते की त्याच शहरात त्याच कामाला जर्मन माणसाला मिळेल तेवढा पगार हा आहे का. 40 तासांच्या करारात पगार कागदावर बरा दिसतो आणि तासावर आणला की कमी भरतो. ऑफर लेटरमध्ये "सॉफ्टवेअर इंजिनिअर" आणि फॉर्ममध्ये "आयटी सपोर्ट" असेल तर पदवी आणि काम जुळत नाही म्हणून अडतं. यात अर्जदाराने करण्यासारखं एकच: नकारातलं वाक्य जसंच्या तसं एचआरला पाठवायचं आणि दुरुस्त फॉर्म मागायचा.

ब्लू कार्डला किमान पगाराची अट दर 1 जानेवारीला बदलते. 2025 साठी ती वर्षाला 48,300 युरो होती, टंचाईच्या व्यवसायांना आणि नव्या पदवीधरांना 43,759.80. डिसेंबरात ऑफर घेतली, अर्ज जानेवारीत झाला, आणि पगार जुन्या आकड्यावर बेतलेला, अशा वेळी तेवढ्या फरकासाठी ब्लू कार्ड जातं. वय 45 च्या पुढे असेल आणि कुशल कामगार म्हणून पहिल्यांदाच जात असाल तर पगाराची वेगळी अट आहे (2025 मध्ये 53,130 युरो), नाहीतर म्हातारपणाच्या पेन्शनचा पुरेसा पुरावा द्यावा लागतो. ईपीएफचं पासबुक इथे पहिल्यांदा कामाला येतं, पण त्यातली रक्कम बहुतेकांची पुरत नाही.

कंपनीला खरंच गरज असेल तर दुसऱ्या वेळी वेगवान प्रक्रियेने जायला सांगा. जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम 81अ खाली कंपनी जर्मनीतल्या कार्यालयात 411 युरो भरून सगळ्या संमत्या आधीच मिळवते आणि मग वकिलातीकडे अर्ज येतो. पुन्हा नकार येण्याची बहुतेक कारणं तिथे, कंपनीच्या दारातच निस्तरली जातात.

"हेतू पटला नाही"

हे वाक्य आलं की लोक खचतात, आणि हाच भाग खरा समजून घेण्यासारखा आहे.

विद्यार्थ्यांच्या नकारांत वकिलात म्हणते की तुमचा खरा उद्देश शिक्षण दिसत नाही. हे ती कशावरून म्हणते? बीकॉमनंतर पाच वर्षं बँकेत नोकरी आणि आता अचानक डेटा सायन्सचा मास्टर्स. आधीच एक मास्टर्स असताना त्याच पातळीचा दुसरा. बारावीला, पदवीला बरेच बॅकलॉग आणि पत्रात "लहानपणापासून जर्मन इंजिनिअरिंगची ओढ". दोनशे अर्जदारांच्या फायलीत तोच परिच्छेद असलेलं एसओपी (हाच कोर्स का, हे सांगणारं अर्जदाराचं पत्र), कारण कन्सल्टंटने सगळ्यांना एकच साचा दिला. मुलाखतीत सिलॅबसमधले तीन विषय सांगता न येणं, विद्यापीठ कुठल्या शहरात आहे हे अडखळत सांगणं. खासगी संस्थेचा असा कोर्स ज्यातले बहुतेक तास ऑनलाइन आहेत: मग जर्मनीत राहायची गरजच काय, हा प्रश्न अधिकारी विचारतोच, आणि त्याला उत्तर नसतं. ही शेवटची गोष्ट एसओपीने सुधारत नाही, कोर्स बदलावा लागतो. अशा संस्थेला आगाऊ फी भरण्याआधी करारात व्हिसा नाकारल्यास परतावा किती आणि किती दिवसांत हे कलम शोधा. नसेल तर भरू नका.

कायद्याची बाजू इथे महत्त्वाची आहे. सरकारमान्य विद्यापीठाचा विनाअट प्रवेश हातात असेल आणि बाकी अटी पूर्ण असतील तर निवास कायद्याचं कलम 16ब तुम्हाला व्हिसाचा हक्क देतं. तो नाकारायला कलम 19फ खाली ठोस कारण लागतं की हा माणूस वेगळ्याच कामासाठी येतोय. नुसतं "पटत नाही" पुरत नाही. म्हणून असा नकार कोर्टात तपासला जाऊ शकतो. उलट अटींवरचा प्रवेश, विद्यापीठात अर्ज करण्यासाठी येण्याचा व्हिसा (कलम 17) किंवा ऑपॉर्च्युनिटी कार्ड (कलम 20अ) यांत कायद्याचा शब्द "देता येईल" असा आहे. तिथे वकिलातीला निवडीची मोकळीक असते आणि कोर्ट फक्त ती मोकळीक तारतम्याने वापरली का एवढं बघतं. या प्रकारांत दाव्यावर पैसे घालवणं मला तरी पटत नाही.

नव्या अर्जातलं पत्र पहिल्यापेक्षा लांब करू नका, नेमकं करा. नकारातलं प्रत्येक वाक्य घ्या आणि त्याखाली उत्तर आणि पुरावा. "पूर्वशिक्षणाशी संबंध नाही" म्हटलंय तर गेल्या दोन वर्षांत केलेलं काम, पूर्ण केलेले कोर्स, मास्टर्सच्या मोड्यूल हँडबुकमधले विषय आणि ते तुमच्या कुठल्या पेपरांवर उभे राहतात याचा तक्ता. जर्मनी किती सुंदर आहे हे त्यांना ठाऊक आहे.

नवरा-बायकोच्या व्हिसात "हेतू"चा अर्थ वेगळा: लग्न दिखाऊ असल्याचा संशय. दोघांना एकाच दिवशी, एकाला मुंबईत आणि दुसऱ्याला जर्मनीत, तेच प्रश्न विचारले जातात. बघण्याचा कार्यक्रम कुठे झाला, हजर कोण होतं, साखरपुडा आणि लग्नात किती अंतर, दुसऱ्याच्या कामाची वेळ काय. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नात दोन भेटींत होकार होतो हे अधिकाऱ्यांना नवीन नाही, अडतं ते उत्तरं जुळत नाहीत तेव्हा. पाठ करून जुळवलेली उत्तरंही ओळखू येतात. जर्मनच्या ए-1, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीच्या, परीक्षेचा दाखला बहुतेकांना लागतो (जोडीदाराकडे ब्लू कार्ड असेल तर नाही). पण दाखला असून समोर विचारलेलं साधं वाक्य कळलं नाही तर दाखल्यावरच शंका येते, म्हणून परीक्षा आणि अपॉइंटमेंट यांत आठ महिने गेले असतील तर पुन्हा उजळणी करा.

बर्लिनला जायचं ठरवलं तर

परराष्ट्र खातं बर्लिनला आहे म्हणून जगातल्या कुठल्याही जर्मन वकिलातीविरुद्धचा व्हिसा दावा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयातच होतो: फेरवाल्टुंग्सगेरिश्ट बर्लिन, किर्खश्ट्रासे 7, 10557 बर्लिन. दावा मुंबईच्या कॉन्सुलेटवर नसतो, परराष्ट्र खात्यामार्फत जर्मन संघराज्यावर असतो.

मुदत नकारपत्र हाती पडल्यापासून एक महिना. 12 मार्चला मिळालं तर 12 एप्रिल संपेपर्यंत दावा कोर्टात पोचलेला हवा. कुरिअरला दिलेली तारीख धरत नाहीत. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा असेल तर पुढचा कामाचा दिवस. पाकीट ज्या दिवशी घरी आलं त्याचा पुरावा, म्हणजे कुरिअरचं ट्रॅकिंग आणि पाकीट, जपून ठेवा. पत्रात दाद मागण्याची सूचनाच नसेल किंवा चुकीची असेल तर मुदत एक वर्षाची होते, पण त्या आशेवर बसू नका.

दावा जर्मन भाषेत आणि सहीनिशी लागतो. साधा ईमेल चालत नाही, त्याला स्कॅन जोडलं तरी नाही. हे न कळल्यामुळे मुदत हुकते. फॅक्स चालतो, पोस्ट चालतं, किंवा तुमच्या सहीचा मूळ कागद कुरिअरने जर्मनीतल्या मित्राकडे पाठवून त्याने कोर्टाच्या पेटीत टाकला तरी चालतं. मुदतीत पाठवायचा मजकूर अगदी छोटा पुरतो: तुमचं नाव-पत्ता, प्रतिवादी, नकाराची तारीख आणि संदर्भ क्रमांक, तो निर्णय रद्द करून व्हिसा द्यावा ही मागणी, नकारपत्राची प्रत. कारणं नंतर मांडता येतात. कोर्ट तुम्हाला जर्मनीतला पत्ता असलेला कोणीतरी माणूस पत्रं घेण्यासाठी नेमायला सांगू शकतं, तो आधीच ठरवून ठेवा.

पहिल्या पातळीवर वकील सक्तीचा नाही. खर्च: अशा दाव्याचं मूल्य माणशी 5,000 युरो धरतात आणि त्यावर कोर्ट फी सुमारे 500 युरो होते. दावा वेळेत मागे घेतला तर ती एक तृतीयांशावर येते. वकिलाची फी वेगळी, ती कामाआधी लेखी ठरवून घ्या. हरलात तर दोन्ही तुमच्या अंगावर.

वकील घेण्याचा एक खरा फायदा म्हणजे फाइल. दावा दाखल झाल्यावर कोर्ट परराष्ट्र खात्याकडून व्हिसाची पूर्ण फाइल मागवतं आणि वकिलाला ती बघता येते. मुलाखतीत अधिकाऱ्याने काय टिपलं, शहराच्या कार्यालयाने संमती नाकारताना काय लिहिलं, हे दीड पानाच्या पत्रात नसलेलं सगळं तिथे असतं. त्या टप्प्यावर खातंही निर्णय पुन्हा बघतं आणि चूक उघड असेल तर व्हिसा देऊन दावा मिटवतं. रिमॉन्स्ट्रेशनमध्ये जे व्हायचं ते आता इथे होतं, फक्त महाग झालंय.

वेळ मात्र तुमच्या बाजूने नसतो. निकालाला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, दावा डिसेंबरात अजून फायलीतच असतो, आणि ज्या प्रवेशासाठी भांडताय तो संपलेला. तातडीचा आदेश मागता येतो, पण तो देणं म्हणजे निकाल आधीच देणं, त्यामुळे कोर्ट क्वचितच देतं. म्हणून विद्यार्थ्यासाठी माझा कल बहुतेक वेळा नव्या अर्जाकडे असतो, आणि सोबत विद्यापीठाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: उशिरा नाव नोंदवायची शेवटची तारीख, आणि पुढच्या सत्रात प्रवेश आपोआप मिळतो की पुन्हा अर्ज लागतो. बहुतेक जर्मन विद्यापीठं प्रवेश पुढे ढकलत नाहीत. नवरा-बायकोच्या प्रकरणात उलट आहे. लग्नाला सत्र नसतं, जर्मन राज्यघटना कुटुंबाला संरक्षण देते, आणि कारण "संशय" असेल तर दावा टिकून लढवण्यात अर्थ आहे.

नव्या अर्जाआधी

2025 पासून बहुतेक डी व्हिसांचे अर्ज परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर भरता येतात. अपॉइंटमेंटच्या आधी कागद वर चढवले की अपुरं काय आहे हे कळवलं जातं. त्या सूचनेला "हो, आणतो" म्हणून पुढे जाऊ नका, तिथेच पूर्ण करा.

फॉर्ममध्ये आधीच्या नकाराबद्दल प्रश्न असतो. उत्तर खरं द्या. डी व्हिसाचे अर्ज जर्मनीच्या मध्यवर्ती नोंदीत राहतात, मुंबईत नाकारलेला अर्ज दिल्लीत किंवा बेंगळुरूतही दिसतो. पहिला नकार हा स्वतः दोष नसतो, पण तो लपवणं ही खोटी माहिती ठरते आणि त्या एका कारणावर, बाकी सगळं बरोबर असूनही, दुसरा नकार येऊ शकतो. एजंटने फॉर्म भरला असेल तर त्याची प्रत त्याच्याकडून घ्या आणि पहिल्या ओळीपासून वाचा. सही तुमची आहे.

ब्लॉक्ड अकाउंट घाईने बंद करू नका. नकारपत्र दाखवून पैसे परत मिळतात, पण यायला-जायला दोन्ही वेळा रुपया-युरोच्या दरात आणि चार्जेसमध्ये नुकसान होतं. तीन-चार महिन्यांत पुन्हा अर्ज करायचा असेल तर खातं तसंच ठेवून पावतीची नवी तारीख असलेली प्रत मागा. विम्याची सुरू होण्याची तारीख तेवढी पुढे सरकवून घ्या, जुन्या प्रवासाच्या तारखेची पॉलिसी नव्या अर्जात लावलेली हमखास सापडते.